शेवटचे १८ यार्ड, शेवटचे ३ यार्ड

चौथा डाउन, गाठायला हवेत १८ यार्ड आणि घड्याळात उरलेत १८ सेकंद. ओक्लाहोमाविरुद्ध बॉइसी स्टेट २८-३५ अशी मागे. १ जानेवारी २००७ रोजी अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेल इथे झालेल्या फिएस्टा बाउलचा विषय निघाला की बोलणं हटकून इथूनच सुरू होतं आणि पुढच्या तीन डावांभोवती फिरत राहतं. त्या तीन डावांना ‘चमत्कार’ म्हणायची पद्धत पडून गेली आहे. मला ती अजिबात पटत नाही. चमत्कार म्हटलं की त्यामागची आखणी, गणित आणि घोटून घोटून बसवलेली पावलं सगळी झाकली जातात. कागदावर कमी ताकदीच्या संघाने बलाढ्य संघापुढे नेमकं काय करावं, याचं त्या रात्रीइतकं स्वच्छ उत्तर अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये क्वचितच सापडतं.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडी तयारी. मैदान १०० यार्ड लांब, १६० फूट रुंद, आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, १० यार्ड पुढे सरकलात तर नवे चार डाउन मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. टचडाउनचे ६ गुण. त्यानंतर एक जादा संधी: किक मारून १ गुण घ्या, किंवा ३ यार्डांवरून एकाच प्रयत्नात चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये नेऊन २ गुण घ्या. कॉलेजात ही दोन गुणांची सोय १९५८ पासून आहे. आणि ज्यावाचून पुढचं काहीच कळणार नाही तो नियम असा की पुढच्या दिशेने पास एका डाउनमध्ये एकदाच देता येतो, तोही डाव जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागूनच. मागे किंवा अगदी आडवा पास मात्र कुणीही, कुठूनही, कितीही वेळा द्यावा. त्याला लॅटरल म्हणतात.

बाउल सामने म्हणजे हंगाम संपल्यावरचे निमंत्रणाचे सामने. पहिला १९०२ च्या १ जानेवारीला पॅसाडिनात झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, आणि आठ मिनिटं बाकी असतानाच स्टॅनफर्डने हात टेकले. त्यानंतर तिथे पुन्हा फुटबॉल व्हायला १९१६ साल उजाडलं. फिएस्टा बाउलचा जन्म मात्र एका तक्रारीतून झाला. १९७० साली अ‍ॅरिझोना स्टेट एकही सामना न हरता हंगामाच्या शेवटाला पोचली, तरी मोठ्या बाउलांनी तिला विचारलं नाही. पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांतल्या कॉलेजांच्या गटाचे, म्हणजे वॅक या कॉन्फरन्सचे विजेते कितीही चांगले खेळले तरी त्यांना दारातच थांबवलं जायचं. तेव्हा तिथल्या मंडळींनी आपलाच बाउल काढला आणि १९७१ च्या डिसेंबरात टेंपीमध्ये पहिला फिएस्टा बाउल भरवला. पुढे तो मोठा झाला, श्रीमंत झाला, राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या बीसीएसच्या मोजक्या बाउलांत जाऊन बसला. आणि मग ३५ वर्षांनी त्याच वॅकचा न हरलेला विजेता त्याच्या दाराशी उभा राहिला: १२-० अशी बॉइसी स्टेट.

बॉइसीला आत यायला मिळालं तेही एका ताज्या नियमामुळे. छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला बीसीएसमध्ये हक्काची जागा मिळवायला आधी क्रमवारीत पहिल्या सहांत यावं लागे. २००६ च्या हंगामापासून ही अट पहिल्या बारांवर आली. बॉइसी आठवी होती. जुना नियम असता तर ही रात्र उगवलीच नसती.

समोर ओक्लाहोमा. सात राष्ट्रीय विजेतेपदं, नॉर्मनमधल्या घरच्या मैदानावर ८० हजारांहून अधिक प्रेक्षक, प्रशिक्षक बॉब स्टूप्स. बॉइसीचं स्टेडियम जेमतेम ३० हजारांचं, प्रसिद्ध कशासाठी तर १९८६ पासून तिथे असलेल्या निळ्या कृत्रिम गवतासाठी. १९९६ पर्यंत तर हा संघ वरच्या श्रेणीत खेळतही नव्हता. नियमाने दोघांनाही ८५ शिष्यवृत्त्या, म्हणजे कागदावर बरोबरी. पण त्या ८५ जागांसाठी देशभरातून पहिली निवड कोण करतं, यात सगळा फरक पडतो. ओक्लाहोमाचा धावपटू एड्रियन पीटरसन ऑक्टोबरात गळपट्टीचं हाड मोडून बाहेर बसला होता, तो नेमका या सामन्यात परतला. चारच महिन्यांनी तो व्यावसायिक लीगच्या निवडीत सातवा उचलला गेला, आणि पुढे २०१२ मध्ये त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉइसीचा धावपटू इयन जॉन्सन. हंगामात २५ टचडाउन त्याच्या नावावर होते, आणि फावल्या वेळात तो क्रोशाने टोप्या विणायचा.

बॉइसीचा शेवटचा साखळी सामना २५ नोव्हेंबरला झाला होता. तिथून १ जानेवारीपर्यंत ३७ दिवस. बाउलचं वेगळेपण या मधल्या काळात आहे. हंगामात दर आठवड्याला नवा प्रतिस्पर्धी असतो, त्यामुळे सरावाचा बहुतेक वेळ नेहमीचे डाव त्याच्याप्रमाणे वळवण्यात जातो. बाउलच्या आधी मात्र एकाच संघाचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहता येतं, त्यांचा कोणता बचावपटू कशाला भुलतो ते टिपता येतं आणि एरवी वहीतच राहणारे डाव उकरून घोटता येतात. ही सवलत दोघांनाही सारखीच मिळते, पण तिचा फायदा कमी ताकदीच्या संघाला जास्त होतो. ओक्लाहोमाला रोजचाच खेळ नीट खेळून जिंकता येत होतं. बॉइसीला त्यापलीकडचं काहीतरी हवं होतं, आणि क्रिस पीटरसन हा मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षात असलेला माणूस आणि त्याचा आक्रमण सांभाळणारा ब्रायन हार्सिन यांनी तो महिना त्यावर खर्च केला.

पहिली तीन सत्रं बॉइसीची होती. १४-०, मध्यंतराला २१-१०, आणि तिसऱ्या सत्रात मार्टी टॅडमनने पास अडवून सरळ एंड झोन गाठला तेव्हा २८-१०. तिथून घसरण सुरू झाली. ओक्लाहोमाचा एक पंट, म्हणजे चेंडू समोरच्याकडे सोपवताना मारलेली लांब किक, बॉइसीच्याच खेळाडूच्या पायाला लागला आणि चेंडू ओक्लाहोमाने उचलला. पंट झेलायचा नसेल तर त्याच्या जवळपास फिरकूच नये हे शाळेतल्या संघांनाही शिकवतात, कारण अंगाला शिवला की चेंडू सर्वांचा. त्यातून एड्रियन पीटरसनचा टचडाउन. मग एक फील्ड गोल, म्हणजे किक मारून ३ गुण. १ मिनिट २६ सेकंद उरले असताना ओक्लाहोमाचा आणखी एक टचडाउन, आणि दंडांमुळे पुन्हा पुन्हा घ्याव्या लागलेल्या दोन गुणांच्या प्रयत्नात तिसऱ्यांदा यश. २८-२८. लगेच पुढच्या डावात बॉइसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास देणारा जॅरेड झाब्रान्स्की, याचा पास मार्कस वॉकरने अडवला आणि ३३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. २५ गुण सलग ओक्लाहोमाचे. एक मिनिट आणि दोन सेकंद बाकी.

आता त्या चौथ्या डाउनकडे येऊ. चेंडू मैदानाच्या बरोबर मध्यावर, ५० यार्डांच्या रेषेवर. नव्या चार डाउनसाठी ओक्लाहोमाच्या ३२ यार्डांच्या रेषेपर्यंत पोचणं भाग होतं. तिथे पोचलात तर एखाद-दुसरा डाव आणखी मिळणार, नाही पोचलात तर सामना संपला. अशा वेळी बचाव करणारे सगळेच मागे सरकतात आणि आपल्या मनात एक रेष आखून ठेवतात: ३२ च्या अलीकडे झेल घेऊ दे, तिथेच पाडू, की जिंकलो. बॉइसीचा डाव याच हिशेबावर उभा होता.

झाब्रान्स्कीने ड्रिसन जेम्सला पास दिला तो १५ यार्डांवर, म्हणजे ओक्लाहोमाच्या ३५ च्या आसपास. हव्या त्या रेषेच्या तीन यार्ड अलीकडे! पाहणाऱ्याला वाटावं, घोटाळा झाला, पास आखूड पडला. ओक्लाहोमाच्या बचावपटूंनाही तेच वाटलं आणि ते जेम्सवर तुटून पडायला धावले. तेवढ्यात उलट दिशेने पूर्ण वेगात आडवा येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हाती जेम्सने चेंडू दिला. जेम्सला पाडायला निघालेल्यांची वळायची सोयच उरली नव्हती. रॅब उरलेले ३५ यार्ड धावला आणि गोलरेषेवर झेपावला. घड्याळात ७ सेकंद.

या डावाला हुक अँड लॅटरल म्हणतात आणि गल्लीतली पोरंसुद्धा तो खेळून बघतात. तो जमत का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर पहिला झेल घेणारा घाईत असतो. चेंडू हातात बसायच्या आधीच त्याची नजर साथीदाराकडे वळते आणि झेल सुटतो. जेम्सने आधी चेंडू दोन्ही हातांत नीट घेतला, मग सोडला. दुसरं, साथीदार लवकर आला तर तो चेंडूच्या पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याला दिलेला पास पुढचा ठरून दंड होतो. उशिरा आला तर पहिल्याला तोवर पाडलेलं असतं. दोघांची पावलं पहिल्या दिवसापासून एकत्रच मोजून बसवावी लागतात, वेगवेगळी शिकवून शेवटी जोडता येत नाहीत. तिसरं, लॅटरल जमिनीवर पडला तर डाव थांबत नाही, चेंडू जो उचलेल त्याचा. म्हणून लॅटरल फेकायचा नसतो, कमरेच्या उंचीवर, साथीदाराच्या पुढच्या पावलावर हलकेच सोडायचा असतो. आणि शेवटची गोष्ट बचावाची: अशा वेळी एका माणसाने झेल घेणाऱ्याच्या गर्दीत न शिरता पाच-सात यार्ड मागे थांबायचं असतं, काहीही झालं तरी. तो एक माणूस जागेवर असता तर रॅब अडला असता.

किक मारून ३५-३५, आणि सामना जादा वेळेत गेला.

कॉलेजातली जादा वेळ घड्याळावर चालत नाही. १९९६ पासूनची पद्धत अशी की प्रत्येक संघाला समोरच्याच्या २५ यार्डांवरून एकेक संधी मिळते. ज्याला निवड मिळते तो जवळजवळ नेहमी आधी बचाव घेतो, कारण दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला आपल्याला किती गुण हवेत ते आधीच कळतं. ओक्लाहोमा आधी खेळायला आली आणि पहिल्याच डावात एड्रियन पीटरसन २५ च्या २५ यार्ड धावून गेला. ४२-३५. एक डाव, एक टचडाउन. बॉइसीचा बचाव किती दमला होता, हे त्या एका धावेत दिसलं.

बॉइसीने अडखळत, इंचाइंचाने पुढे सरकत पाच यार्डांपर्यंत मजल मारली आणि पुन्हा चौथा डाउन आला, या वेळी दोन यार्डांसाठी. झाब्रान्स्की स्नॅपच्या आधी, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याआधी, सरकत बाजूला निघून गेला. क्वार्टरबॅक स्वतःच बाजूला गेला म्हणजे चेंडू थेट धावपटूच्या हाती येणार आणि तो घुसणार, हा बचावाचा स्वाभाविक अंदाज. स्नॅप थेट व्हिनी पेरेटाच्या हाती आला, तो धावायला निघालाही, आणि बचावातली माणसं त्याच्या अंगावर पुढे आली. मग त्याने चेंडू उचलून एंड झोनमध्ये डेरेक शूमनकडे फेकला. टचडाउन, ४२-४१. दोन यार्ड हवे असताना सगळ्यांची नजर धावणाऱ्यावर असते आणि गर्दीतला टाइट एंड, म्हणजे पुढच्या फळीच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा, निसटतो, एवढंच यामागचं तत्त्व. फेकणारा क्वार्टरबॅक नाही, म्हणून फेक सोपी ठेवावी लागते: जवळची, एकाच माणसाकडे, दुसरा पर्याय शोधायची गरज न ठेवणारी.

आता बरोबरीसाठी फक्त एक किक हवी होती. ती दहापैकी साडेनऊ वेळा तरी बसते. प्रशिक्षक क्रिस पीटरसनने दोन गुणांचा प्रयत्न निवडला, जो साधारणपणे दहातून चार-साडेचार वेळा साधतो. लोक याला धाडस म्हणतात. मी याला हिशेब म्हणेन. किक बसली असती तर दुसरी जादा फेरी. तिथे क्रम उलटतो, म्हणजे निवड ओक्लाहोमाची, आणि बॉइसीला आधी खेळावं लागलं असतं. पुढे काय लागेल याचा अंदाज न घेता. शिवाय ज्या बचावाला एड्रियन पीटरसन एका डावात पार करून गेला, तोच बचाव पुन्हा त्याच्यासमोर. अशा अवस्थेत दुसरी फेरी जिंकण्याची शक्यता निम्म्याहून बरीच खाली. मग तीन यार्डांवरचा एक डाव, तोही महिनाभर जपून ठेवलेला आणि समोरच्याने न पाहिलेला, हा चांगला सौदा होतो. ताकदीत कमी असलेल्याने जितक्या जास्त चकमकी खेळाव्यात तितकी ताकद आपलं काम करत जाते. म्हणून सगळं एका डावावर आणून ठेवायचं.

मग सात सेकंद उरले होते तेव्हाच दोन गुण का घेतले नाहीत, हा रास्त प्रश्न आहे. तेव्हाही ३४-३५ होतं. माझं मत असं की तेव्हाही घ्यायला हवे होते, निदान हिशेब जवळजवळ तोच होता. फरक पडला तो एड्रियन पीटरसनच्या २५ यार्डांच्या धावेने. त्या आधी दमलेला बचाव ही शंका होती, त्यानंतर ती खात्री झाली.

३ यार्डांवरून खेळताना अडचण अशी की खोली संपलेली असते. ३ आणि एंड झोनचे १० मिळून १३ यार्ड, त्यात २२ माणसं. लांब पासची भीती नाही म्हणून बचावपटू दाटीने उभे राहतात. मोकळी राहते ती फक्त रुंदी, १६० फुटांची. ती वापरायची तर समोरच्यांना एका बाजूला न्यावं लागतं. बॉइसीने तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, उजवीकडे एकत्र उभे केले. स्नॅप झाला, झाब्रान्स्की मागे आला, उजव्या हाताने उजवीकडे फेकल्याचा आव आणला. हात रिकामा होता. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे, कमरेपाशी स्थिर. जॉन्सन क्षणभर पास वाचवणाऱ्यासारखा थांबला, मग मागून आला, चेंडू उचलला आणि डावीकडे निघाला. तिथे त्याला हात लावायलाही कुणी नव्हतं. ४३-४२.

हा स्टॅच्यू ऑफ लिबर्टी. शंभरेक वर्षं जुना डाव, प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असलेला. चालतो तो बारकाव्यांवर. चेंडू धरलेला हात धावपटूच्या दिशेने सरकवायचा नाही, तो जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि धावपटूने तो घ्यायचा. सरकता हात आणि सरकता माणूस यांची गाठ चुकली की चेंडू जमिनीवर. क्वार्टरबॅकने मागे वळून पाहायचं नाही, डोळे आणि खांदे उजवीकडेच. पुढच्या फळीने पास वाचवायच्या पद्धतीने उभं राहायचं, म्हणजे किंचित मागे रेलून, कारण लाइनबॅकर, म्हणजे बचावाची दुसरी फळी, क्वार्टरबॅककडे नंतर बघतात, आधी या फळीकडे बघतात. ती पुढे झेपावली तर धाव आहे हे त्यांना लगेच उमगतं. धावपटू अर्धा सेकंद आधी निघाला तर डाव उघडा पडतो. आणि या सगळ्यावर पाणी फिरवू शकणारा माणूस एकच, पाठीमागच्या कडेला असलेला शेवटचा बचावपटू. त्याचं काम चेंडूमागे न धावता आपली कड धरून राहणं. चित्रण पुन्हा पाहताना झाब्रान्स्कीकडे न पाहता फक्त मैदानाच्या त्या डाव्या कडेकडे पाहावं. बाजू कशी रिकामी होत जाते ते तिथे दिसतं.

सामना संपल्यावर जॉन्सनने चालू प्रक्षेपणात एका चीअरलीडरला, आपल्या मैत्रिणीला, गुडघ्यावर बसून लग्नाची मागणी घातली. तेवढंच लक्षात ठेवणारेही पुष्कळ आहेत.

आठवड्याने, ८ जानेवारीला, त्याच स्टेडियमात फ्लॉरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. फ्लॉरिडा एक सामना हरलेली होती. १३-० राहिलेली बॉइसी वरच्या श्रेणीतली एकटीच अपराजित होती, आणि असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत पाचवी आली. ६५ पैकी एका मतदाराने तिला पहिलं स्थान दिलं. त्या एका मताबद्दल मला आजही आदर वाटतो. मैदानावर कुणीच हरवू न शकलेल्या संघाला मतपत्रिकेवर पाचवं ठेवणं अन्यायाचं होतं, आणि त्या वेळच्या पद्धतीत त्यावर दाद मागायची जागाच नव्हती. चार संघांचा प्लेऑफ यायला २०१४ चा हंगाम उजाडला, आणि कॉन्फरन्सच्या पाच सर्वोच्च विजेत्यांना हक्काची जागा देणारा बारा संघांचा प्लेऑफ २०२४ मध्ये आला.

त्या पहिल्याच वर्षी बॉइसी त्यात होती, पहिल्या फेरीची सूट मिळवून. सामना पुन्हा फिएस्टा बाउल, पुन्हा ग्लेंडेल, ३१ डिसेंबर. पेन स्टेटने ३१-१४ असं हरवलं. त्याआधीचे २००७, २०१० आणि २०१४ हे तिन्ही फिएस्टा बाउल बॉइसीने जिंकले होते.